सामायिक सेवा आकारणी : विभागाच्या कोणत्या जमेवर लागते, वजावट कशी मागायची

पगारपत्रक, खरेदी, लेखा, संगणक जाळे, सुरक्षा ही कामे विद्यापीठात एकाच ठिकाणाहून होतात. काही विद्यापीठे त्यांचा खर्च विभागांच्या जमेतून ठरावीक टक्के कापून भागवतात. हीच सामायिक सेवा आकारणी. ठाणे-नवी मुंबईत अशा पद्धतीने चालणाऱ्या परिसरांतले विभागप्रमुख आणि लेखा लिपिक यांच्यासाठी ही माहिती. दर वित्त समितीच्या त्या वर्षीच्या ठरावात असतो. गेल्या वर्षीचे परिपत्रक पुढे करून उपयोग नाही. खाली हिशेबासाठी १२ टक्के धरले आहेत.

दरावर फारशी घासाघीस होत नाही. भांडण होते ते टक्के कशावर काढायचे, म्हणजे आकारणीचा आधार कोणता, यावरून.

शिक्षण शुल्क, अल्पमुदतीचे वर्ग, चाचणी व सल्लासेवा, सभागृहाचे भाडे ही जमा साधारणपणे धरली जाते. परत द्यायची अनामत, विद्यार्थी विम्याचा हप्ता, रद्द प्रवेशाचा परतावा आणि जीएसटी ही विभागाची कमाई नव्हे, त्यामुळे ती वगळायची. एका विभागाने दुसऱ्याला दिलेली रक्कमही वगळायची, नाहीतर त्याच पैशावर दोनदा आकारणी होते.

सल्लासेवेत हमखास चूक होते. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीला १,००,००० रुपयांचे बिल दिले, वर १८ टक्के जीएसटी. कंपनीने व्यावसायिक शुल्क म्हणून मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस कापला, तर बँकेत १,०८,००० येतात. लिपिक बँकेचा आकडा उचलतो आणि आकारणी १२,९६० होते. खरी १२,०००, कारण आधार बिलाच्या मूळ रकमेचा.

बाहेरच्या प्रयोगशाळेला दिलेल्या पैशाचा फटका याहून मोठा. ५,००,००० च्या कामात २,००,००० चाचणीसाठी बाहेर गेले, तर पूर्ण रकमेवर ६०,००० लागतात. वजावट मिळाली तर ३६,०००. जमेवरची आकारणी मोजायला सोपी, पण ज्याचा खर्च मोठा त्याच्यावर ती अन्याय करते, हे मान्यच करायला हवे. म्हणून वजावटीचा अर्ज.

अर्ज स्वतंत्र खर्च केंद्र क्रमांक (जमाखर्च वेगळा ठेवण्यासाठीचा हिशेब क्रमांक) असलेल्या विभागाने करावा. क्रमांक नसेल तर आधी लेखा विभागाकडून तो घ्यावा. मुख्य खात्यात मिसळलेली जमा नंतर वेगळी काढणे किचकट असते. सोबत जोडायचे :

- त्या वर्षाचा खातेउतारा, एप्रिल ते मार्च
- ग्राहकाला दिलेली बिले, रद्द बिलांच्या क्रेडिट नोट्स, टीडीएस प्रमाणपत्रे
- बाहेरच्या संस्थेचे बिल व पैसे दिल्याचा पुरावा
- करार किंवा कार्यादेश, ज्यात बाहेरच्या कामाचा वेगळा उल्लेख आहे
- विभागप्रमुखाच्या सहीचा तक्ता : एकूण जमा, वगळायची रक्कम, कारण

चौथ्या कागदावर बहुतेक अर्ज अडतात. कार्यादेशात एकच ठोक रक्कम असेल तर लेखापरीक्षक बाहेरचे काम वेगळे मानायला तयार होत नाहीत. कोटेशन देतानाच दोन ओळी वेगळ्या दाखवाव्यात.

अर्ज हिशेब बंद होण्याआधी द्यावा. मार्चमध्ये आलेले पुढच्या वर्षाचे शुल्क आगाऊ जमा म्हणून दाखवायला सांगा, म्हणजे ते या वर्षीच्या आधारात येणार नाही. आकारणी अंदाजपत्रकावर होत असेल तर वर्षअखेरीस प्रत्यक्ष जमेशी मेळ घालून फरक मागून घ्यावा लागतो. तो आपोआप येईल या भरवशावर राहू नये.

संशोधन अनुदानाचा हिशेब वेगळा. मंजुरी आदेशात संस्थेसाठी ओव्हरहेडचे (संस्थेच्या सामायिक खर्चाचे) शीर्ष असेल तर सामायिक सेवांचा वाटा तिथूनच जातो. उपकरणे किंवा मनुष्यबळाच्या शीर्षावर पुन्हा टक्के लावले, तर उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) अडकते. केंद्राच्या अनुदानासाठी ते जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात द्यावे लागते आणि त्यात अशा अंतर्गत कपातीला जागा नाही. मंजुरी आदेशाची प्रत जोडून संपूर्ण अनुदान आधारातून वगळायला सांगावे.

एकाच जीएसटी क्रमांकाखालच्या विभागांत ही आकारणी फक्त खतावणीतली नोंद असते, कर लागत नाही. परिसरातले इन्क्युबेशन केंद्र (नवउद्योगांना आधार देणारे केंद्र) मात्र स्वतंत्र कंपनी असेल तर ती जीएसटीसाठी वेगळी व्यक्ती ठरते. तिच्याकडून सेवांचे पैसे घेताना रीतसर करबिल द्यावे लागते.