ऑटोमन साम्राज्य पहिल्या महायुद्धात तटस्थ राहिलं असतं तर

जर-तरच्या इतिहासातला हा एक जुना आणि लोकांचा आवडता विषय. ऑक्टोबर 1914 च्या शेवटी ऑटोमन तुर्कांनी जर्मनीच्या बाजूने उडी मारली नसती, आणि शेवटपर्यंत दोन्ही पार्ट्यांना झुलवत ठेवलं असतं तर काय झालं असतं, असा हा प्रश्न. आपल्याकडे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर यावर लोक तावातावाने भांडतात तसंच हे, फक्त इथे युद्ध टाळणं खरंच हातात होतं, निदान तीन महिने तरी.

आधी खरं काय झालं ते. बाल्कन युद्धांमध्ये (1912-13) युरोपातला बहुतेक मुलूख गेलेला, तिजोरी रिकामी, सैन्य दमलेलं. सुलतान मेहमेद पाचवा नावापुरता गादीवर, सूत्रं युद्धमंत्री एन्व्हर, तलात, जमाल या यंग तुर्क पुढाऱ्यांच्या हातात. 2 ऑगस्ट 1914 ला वजीर सैद हलीम पाशाने (म्हणजे पंतप्रधानच म्हणा) जर्मनीशी गुप्त करार केला, आणि तो मंत्रिमंडळातल्या बऱ्याच जणांना माहीतही नव्हता. बाहेर मात्र जाहीर केलं की आम्ही तटस्थ. मग 10 ऑगस्टला गोबेन आणि ब्रेस्लाउ या दोन जर्मन युद्धनौका ब्रिटिश आरमाराला चकवून दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी आल्या, तटस्थ देशाला त्या ठेवून घेता येत नव्हत्या म्हणून त्या आम्ही विकत घेतल्या असं सांगून टाकलं, नावं बदलून यावूझ आणि मिदिल्ली केली, आणि जर्मन खलाशांच्या डोक्यावर फेज टोप्या चढवल्या. माणसं तीच, त्यांचा जर्मन अ‍ॅडमिरल सूशोनही तोच. 29 ऑक्टोबरला याच सूशोनने काळ्या समुद्रात ओडेसा, सेव्हास्टोपोल वगैरे रशियन बंदरांवर तोफा डागल्या. एन्व्हरची त्याला आतून संमती होती, वजिराला पत्ता नव्हता. अर्थमंत्री जाविदने राजीनामा दिला, रशियाकडे माफीची भाषाही करून झाली, पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रशिया, ब्रिटन, फ्रान्स तिघांनीही युद्ध पुकारलं.

या विषयावर एक गोष्ट फार ऐकू येते, ती म्हणजे ब्रिटनच्या नौदलमंत्री चर्चिलने तुर्कांची दोन जहाजं ढापली म्हणून ते जर्मनीकडे गेले. जहाजं ढापली हे खरं. ब्रिटनमध्ये बांधलेल्या सुलतान उस्मान आणि रेशादिये या युद्धनौका, लोकांनी वर्गणी काढून त्यासाठी पैसे जमवलेले, न्यायला तुर्की खलाशी येऊन थांबलेले, आणि ऐन वेळी ब्रिटिशांनी त्या ताब्यात घेऊन स्वतःच्या आरमारात घातल्या. चीड आलीच. पण कराराची बोलणी जुलैपासून चालू होती, त्यामुळे जहाजं दिली असती तर सगळं टळलं असतं हा तर्क लंगडा आहे. खरा फाटा ऑक्टोबरमध्ये होता. त्या महिन्यात जर्मनीकडून 20 लाख लिरांचं सोनं आलं आणि मगच तोफा उडाल्या. ते सोनं अडलं असतं, किंवा जाविदच्या गटाने एन्व्हरला आवरलं असतं, तर तटस्थतेला खरीखुरी संधी होती.

आणि तटस्थ राहून काही मिळत नव्हतं असंही नाही, मिळतच होतं. परदेशी लोकांना शतकानुशतकं करात आणि कोर्टकचेरीत ज्या खास सवलती होत्या (कॅपिट्युलेशन्स म्हणतात त्या), त्या तुर्कांनी 1 ऑक्टोबर 1914 पासून एकतर्फी रद्द करून टाकल्या. सगळ्यांच्या राजदूतांनी निषेध केला, त्यात जर्मनीचाही होता, पण युद्ध चालू असताना कोण काय करणार? तुम्ही नुसते गप्प बसा, तुमच्या मुलखाला आम्ही हात लावणार नाही अशी ऑफर मित्रराष्ट्रांनी ऑगस्टमध्येच दिलेली होती. तुर्कांचा त्यावर विश्वास नव्हता, आणि रशियाचा इतिहास बघता त्यात त्यांना फार दोष देता येत नाही.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, सामुद्रधुन्या. रशियाच्या धान्य निर्यातीचा बराच मोठा भाग बॉस्फरस आणि दार्दानेल्समधून बाहेर पडायचा. इटलीशी युद्ध चालू असताना 1912 मध्ये तुर्कांनी थोडे दिवस हा रस्ता बंद केला तर तेवढ्यातही रशियन व्यापाऱ्यांचे हाल झाले होते. सप्टेंबर 1914 च्या शेवटी तो पुन्हा बंद झाला आणि उघडलाच नाही. राहिलं काय, तर हिवाळ्यात गोठणारं अर्खांगेल्स्क आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचं व्लादिवोस्तोक. म्हणून नुसतं तटस्थ राहिलं असतं तर असं विचारून चालत नाही, व्यापारी जहाजांना वाट उघडी ठेवून तटस्थ की बंद ठेवून तटस्थ हे आधी ठरवावं लागतं. उघडी ठेवली तर रशियाला माल मिळतो, धान्य विकून पैसा मिळतो, 1917 ची क्रांती लांबते किंवा वेगळ्या रूपात येते. दार्दानेल्स जिंकायला काढलेली गॅलिपोलीची मोहीम तर होतच नाही, ती फसल्याने 1915 मध्ये गेलेली चर्चिलची खुर्ची जात नाही, आणि मुस्तफा केमाल (पुढे तुर्की प्रजासत्ताक स्थापन करणारा), जो 1914 मध्ये सोफियाला लष्करी अटॅशे होता, तो कदाचित एक हुशार पण फटकळ अधिकारी म्हणूनच रिटायर होतो.

तुर्कांच्या आतल्या परिस्थितीबद्दल बोलताना सगळ्यात जड बाजू आर्मेनियन लोकांची. कॉकेशसकडच्या सारिकामिशच्या लढाईत रशियाकडून सपाटून मार खाल्ल्यावर खापर आर्मेनियनांवर फुटलं, आणि 24 एप्रिल 1915 पासून जे अटकसत्र सुरू झालं त्याचा शेवट लाखोंच्या हद्दपारीत आणि कत्तलीत झाला. युद्ध नसतं तर आर्मेनियन प्रांतांसाठी फेब्रुवारी 1914 मध्ये ठरलेला सुधारणांचा करार, परदेशी निरीक्षकांसकट, निदान कागदावर तरी जिवंत होता. तो नीट अमलात आला असता असं छातीठोकपणे म्हणवत नाही. अरबांचं 1916 चं बंड, सायक्स-पिको (अरब मुलूख वाटून घ्यायचा ब्रिटन-फ्रान्सचा गुप्त करार), बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या मायभूमीला ब्रिटनचा पाठिंबा), हे सगळं मात्र युद्धाच्या पोटातूनच आलेलं, ते त्या रूपात येत नाही.

आपल्या दृष्टीने बघायचं तर यात पुणे डिव्हिजन येते. ब्रिटिश हिंदी सैन्याची 6वी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर 1914 मध्ये आजच्या इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली आणि महिना संपायच्या आत बसऱ्यात होती. पुढे बगदादच्या नादात तिचा जनरल टाउनशेंड कूत-अल-अमारामध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकला, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. त्यात 103 आणि 110 या मराठा पलटणी होत्या. रेशन संपत आलं तेव्हा घोडे कापायला लागले, हिंदी शिपाई ते मांस खाईनात, मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी कित्येकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावलं नाही. विमानातून पिठाच्या गोण्या टाकल्या, जात्याची तळीसुद्धा टाकली, पण पुरलं नाही. सुमारे 13,000 माणसं शरण गेली आणि हिंदी कैद्यांपैकी बरेच रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर मेले. तटस्थतेच्या इतिहासात यातलं काही घडत नाही, पण म्हणून ही माणसं घरी बसली असती असं नाही, तीच पलटण फ्रान्सच्या खंदकात गेली असती. हरलेल्या तुर्की सुलतानाचं खलिफापद वाचवायला उभ्या राहिलेल्या खिलाफत चळवळीचं मात्र कारणच जातं. भायखळ्याचं खिलाफत हाऊस, 1920 ची असहकार चळवळ, त्यात हिंदू-मुस्लिम जी एकी दिसली ती, हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी मुद्द्यावर उभं करावं लागलं असतं.

या कल्पनेची कमजोर जागा शेवटाला आहे. वाट उघडी ठेवून रशियाला जगवलं तर 1918 ला जिंकलेला रशिया दारात उभा, आणि कॉन्स्टँटिनोपलवर त्याचा डोळा आधीपासूनचा. म्हणजे साम्राज्य वाचवायला ज्या शेजाऱ्याला मदत केली त्याच्याच तोंडी जायचं. यावर तेलाचा मुद्दा पुढे करतात. मोसुल-बगदादच्या तेलाची लीज द्यायचं पत्र वजिराने 28 जून 1914 ला, म्हणजे सारायेवोत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकला गोळी घातली त्याच दिवशी, ज्या कंपनीला दिलं तिच्यात इंग्रज आणि जर्मन दोघांचेही शेअर होते, तेव्हा तुर्कस्तान टिकवण्यात दोघांचंही हित असतं. पण किर्कुकला तेल लागलं 1927 मध्ये, आणि तोपर्यंत 1881 पासून कर्जवसुलीला बसलेल्या परदेशी सावकारांना सांभाळत दिवस काढायचे होते.

दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तानने हाच डाव खरोखर खेळून दाखवला. राष्ट्राध्यक्ष इस्मत इनोनूने जर्मनी आणि ब्रिटन दोघांशीही करार करून ठेवले, जर्मनीला क्रोमियम विकलं, आणि जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ते थेट 23 फेब्रुवारी 1945 ला, कारण 1 मार्चच्या आत पुकारलं तरच संयुक्त राष्ट्रसंघ स्थापायच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेचं आमंत्रण मिळणार होतं.