विमानतळावरील लाऊंज-प्रवेश

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या पलीकडे खाण्यापिण्याची, बसण्याची आणि थोड्या विश्रांतीची जी वेगळी जागा असते तिला लाऊंज म्हणतात. तिथे जाण्याचा हक्क प्रवाशाला तिकिटाच्या वर्गामुळे, विमान कंपनीच्या सदस्यत्वामुळे, बँकेच्या कार्डामुळे किंवा थेट पैसे भरून मिळतो. अमेरिकन एअरलाइन्सने 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुरू केलेला ‘ॲडमिरल्स क्लब’ हा जगातला पहिला लाऊंज मानला जातो. सुरुवातीला तिथे फक्त निमंत्रितांनाच जाता येत असे. आज भारतात लाऊंजच्या दारात उभे असलेले बहुतेक लोक खिशातल्या कार्डाच्या जोरावर आलेले असतात.

लांबून विमानतळ गाठणाऱ्यांना लाऊंज जास्त उपयोगी पडतो. सातारा आणि सांगलीचेच पाहा, या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कराडची धावपट्टी लहान आहे आणि सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची अजून चर्चाच चालू आहे. सांगली-मिरजेच्या माणसाला कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ जवळचे, पण तिथून मोजक्याच शहरांना विमाने जातात. त्यामुळे बाकीच्या प्रवासाला पुण्याचे लोहगाव नाहीतर मुंबई गाठावी लागते. सांगलीहून लोहगाव सव्वादोनशे किलोमीटरच्याही पुढे आहे. खंबाटकीच्या बोगद्यापाशी किंवा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी अडकेल या धास्तीने लोक तीन-चार तास हाताशी ठेवूनच घर सोडतात. रस्ता मोकळा मिळाला की तेच तीन-चार तास विमानतळावर काढायचे असतात. पुण्यात राहणाऱ्याला लाऊंज ही चैन वाटेल, पण विट्याहून पहाटे निघालेल्या कुटुंबाला तिथे जेवण, स्वच्छतागृह आणि पाठ टेकायला जागा मिळते.

विटा-खानापूर भागातले गलाई बांधव सोने-चांदी शुद्धीकरणाच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले आहेत. यात्रेला, लग्नकार्याला आणि दिवाळीला ते विमानाने गावी येतात. साताऱ्याकडचे जवान पुण्याहून जम्मू, गुवाहाटीकडे ड्यूटीवर परततात. या दोघांना लाऊंज मिळतो तो बहुधा कार्डावर. सैनिकांच्या पगार खात्यांसोबत बँका वरच्या श्रेणीची डेबिट कार्डे देतात आणि त्यातल्या अनेकांवर ही सोय असते. आपल्या कार्डावर लाऊंज आहे हे पुष्कळ जणांच्या गावीही नसते, ही खरोखर हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

कार्डाचा प्रकार इथे फार महत्त्वाचा. गावच्या सहकारी बँकेत खाते उघडल्यावर सहसा रुपे क्लासिक हे साध्या श्रेणीचे कार्ड हाती पडते आणि त्यावर लाऊंज नसतो. रुपे सिलेक्टसारख्या वरच्या श्रेणींत तो सहसा असतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्याही वरच्या श्रेणींचे तसेच आहे. भेटींची संख्या बहुतेक वेळा तिमाहीवर ठरते. जानेवारी ते मार्चची भेट वापरली नाही तर ती एप्रिलमध्ये पुढे मिळत नाही. कार्डावरचे नाव आणि बोर्डिंग पासवरचे नाव एकच लागते, त्यामुळे मुलाचे कार्ड घेऊन आई-वडिलांना आत जाता येत नाही. सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे पडतात, मात्र अगदी लहान बाळांना बहुतेक ठिकाणी आकारणी नसते.

दारातला प्रकार साधा असतो. काउंटरवरचा कर्मचारी बोर्डिंग पास स्कॅन करतो, कार्ड मशीनवर घासतो आणि पिन विचारतो. लगेच मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. रुपे आणि व्हिसा कार्डावर बहुधा 2 रुपये, तर मास्टरकार्डवर 25 रुपये जातात. ही प्रवेश फी नाही. कार्ड चालू आहे आणि त्याची भेट शिल्लक आहे की नाही, हे पडताळण्यासाठी तो व्यवहार होतो. म्हणूनच खात्यात शिल्लक नसेल किंवा बँकेच्या ॲपमध्ये दुकानातले व्यवहार बंद करून ठेवले असतील, तर सुविधा असलेले कार्डही नाकारले जाते. घरून निघतानाच ते बटण पाहून घ्यावे.

2024 पासून बँकांनी अटी कडक केल्या. आयसीआयसीआय बँकेने त्या वर्षीच्या एप्रिलपासून आपल्या अनेक क्रेडिट कार्डांवर आधीच्या तिमाहीत 35,000 रुपये खर्चाची अट घातली आणि पुढे ती रक्कम वाढवली. इतर मोठ्या बँकाही त्याच वाटेने गेल्या. कारण उघड आहे. लाऊंजला प्रत्येक प्रवाशामागचे पैसे बँक किंवा कार्ड कंपनी देते, आणि फुकट भेटींमुळे आत बसायला खुर्ची मिळेनाशी झाली होती. वर्षातून दोनदाच विमानात बसणाऱ्या बेदाणा व्यापाऱ्याने केवळ लाऊंजसाठी तिमाहीचा खर्च फुगवणे मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा एका वेळचे पैसे मोजून आत जाणे परवडते.

बँक आणि लाऊंज यांच्यामध्ये जोडणी करणाऱ्या कंपन्या असतात. भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या ड्रीमफोक्सने 2025 मध्ये देशांतर्गत लाऊंज सेवा थांबवली. आता काही बँका कार्ड घासण्याऐवजी ॲपमधून व्हाउचर किंवा क्यूआर कोड देतात. मागच्या खेपेला चाललेली पद्धत या खेपेला चालेलच असे नाही. परदेशी जाताना तर देशांतर्गत भेटींचा उपयोगच होत नाही, कारण आंतरराष्ट्रीय बाजूचे लाऊंज वेगळे असतात. तिथे बहुधा 1992 मध्ये सुरू झालेल्या प्रायॉरिटी पाससारखे सदस्यत्व लागते. ते स्वतः विकत घेता येते किंवा महागड्या क्रेडिट कार्डासोबत मिळते.

बिझनेस क्लासच्या तिकिटावर लाऊंज सहसा धरलेलाच असतो. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात आहे. नियमित प्रवाशांसाठीच्या तिच्या महाराजा क्लब योजनेचे गोल्ड आणि प्लॅटिनम सदस्य या गटाच्या वरच्या ‘स्टार अलायन्स गोल्ड’ श्रेणीत धरले जातात. त्यांना इकॉनॉमीच्या तिकिटावरही सहभागी कंपन्यांच्या लाऊंजमध्ये जाता येते, आणि त्याच विमानाने जाणारा एक सोबतीही नेता येतो. मात्र ही पायरी सतत उडणाऱ्यांनाच गाठता येते.

यातले काहीच नसेल तर लाऊंजच्या काउंटरवर पैसे भरून जाता येते किंवा विमानतळाच्या अथवा विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करता येते. गर्दीच्या वेळी काउंटरवर नकार मिळू शकतो.

लांबून येणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत वेळेच्या नियमात होते. लाऊंज सुरक्षा तपासणीनंतर असल्याने आधी बोर्डिंग पास आणि तपासणी उरकावी लागते. सामान द्यायचे असेल, तर विमान कंपनी ते घेईपर्यंत बॅगांपाशी बाहेरच थांबावे लागते. बहुतेक लाऊंज उड्डाणाच्या दोन ते तीन तास आधीच आत घेतात आणि तेवढाच वेळ बसू देतात. पहाटे चारला लोहगावला पोचून सकाळी दहाच्या विमानाची वाट पाहणाऱ्याला पहिले काही तास बाहेरच्या खुर्चीवरच काढावे लागतात. त्या वेळेसाठी भाकरी-चटणीचा डबा सोबत असलेला बरा. सुके खाणे तपासणीतूनही नेता येते.

उड्डाण लांबले म्हणून लाऊंज देण्याचे बंधन विमान कंपनीवर नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. ते काउंटरवर मागून घ्यावे. स्वस्त चहा-नाश्त्यासाठी सरकारने डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू केला, तिथे चहा 10 रुपयांना ठेवला होता.