एस्पोझितो : दगडी भिंतीतून आलेलं आडनाव

इटलीतल्या नेपल्समध्ये आणि आसपासच्या कांपानिया प्रांतात एस्पोझितो हे सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे. देशभराच्या यादीतही ते पहिल्या काही नावांत असतं. कॅनडाचे गाजलेले आइस हॉकीपटू भाऊ याच आडनावाचे. मार्गेरिटा पिझ्झाची 1889 सालची कथा ज्या पिझ्झावाल्याभोवती सांगितली जाते, तोही एस्पोझितोच.

हे आडनाव अनाथाश्रमातून आलं. नेपल्सच्या फोर्चेल्ला वस्तीत आनुन्झियाता चर्चच्या भिंतीत एक भोक आहे. त्याच्या आत लाकडी पिंपासारखं फिरतं चाक असायचं. रात्री कुणीतरी बाळ त्यात ठेवी, चाक आत फिरवी आणि निघून जाई. आतली बाई बाळ उचलून घेई. मग नोंदवहीत वेळ, अंगावरचे कपडे, सोबत चिठ्ठी किंवा अर्धं तोडलेलं पदक असेल तर तेही लिहिलं जाई. उरलेला अर्धा तुकडा आईकडे असायचा, कधीतरी परत येता यावं म्हणून. बाळाच्या गळ्यात शिशाचं पदक बांधत आणि आडनावाच्या जागी लिहीत : एस्पोझितो.

या शब्दाचा अर्थ सर्रास ‘टाकलेला’ असा सांगितला जातो. मला तो पटत नाही. मूळ लॅटिन ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे ‘बाहेर ठेवलेला’. रोमकडे अशाच मुलांना मिळालेलं प्रोयेत्ती हे आडनाव मात्र खरोखर ‘फेकलेला’ या अर्थाच्या शब्दातून आलं. आपणही मराठीत ‘टाकलेलं मूल’ म्हणतो, ते या दुसऱ्या शब्दाच्या जवळ जातं. टाकणं आणि ठेवणं यांत फरक आहे. जिने अर्धं पदक जपून ठेवलं तिने मूल टाकलं, असं कसं म्हणायचं? नेपल्सचे लोक या मुलांना ‘मादोन्नाची’, म्हणजे माता मेरीची, ‘लेकरं’ म्हणत. फ्लोरेन्समध्ये अशी मुलं इनोचेंती, म्हणजे निष्पाप, झाली. मिलानमध्ये अनाथालयाच्या बोधचिन्हातल्या कबुतरावरून कोलोंबो झाली. पण प्रत्येक कोलोंबोचा पूर्वज अनाथ होता असं मानणं चूक आहे. ते आडनाव इतर वाटांनीही आलं आहे.

खरा वाद आहे तो बंदीचा. 1808 ते 1815 या काळात नेपल्सच्या गादीवर असलेल्या फ्रेंच राजाने नव्या मुलांना हे आडनाव देण्यास मनाई केली. मिलानमध्ये कोलोंबोवर 1825 मध्ये तशीच बंदी आली. हेतू चांगला होता : नावावरून जन्म ओळखू येऊ नये. पण मग कारकून प्रत्येक बाळासाठी वेगळं आडनाव बनवू लागले. तोवर या मुलांना निदान एक सामायिक घराणं तरी होतं. आता एकाच रात्री आलेली दोन बाळं दोन परक्या आडनावांची झाली. पुढच्या पिढ्यांनी मूळ शोधायचं म्हटलं तरी आडनावात खूणच उरली नाही. जगाच्या नजरेतला कलंक पुसण्याऐवजी नाव पुसलं गेलं, असंच मला वाटतं. ज्यांना ते आधीच मिळालं होतं त्यांनी मात्र ते टिकवलं, वाढवलं. आज दिसणारी संख्या मुख्यतः त्यांच्या वंशजांची आहे.

नेपल्समधलं ते चाक 1875 मध्ये बंद झालं. त्यानंतरच्या दशकांत दक्षिणेतले लोक जहाजांनी अमेरिकेला आणि अर्जेंटिनाला गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वेने मिलान-तुरिनला. आडनावाच्या उच्चारात ‘पो’वर असलेला मूळ आघात इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘झि’वर सरकला. इटलीत सरकारी कागदांवर आईवडिलांची नावं छापण्याची सक्ती 1955 च्या कायद्याने काढली. ‘बाप अज्ञात’ या शेऱ्याने लोकांचं आयुष्य अडत होतं, ते तेव्हा थांबलं.

2022 मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने मुलाला आपोआप फक्त बापाचं आडनाव लावणं घटनाबाह्य ठरवलं. आता आईवडिलांनी वेगळं ठरवलं नाही, तर मुलाला दोघांचीही आडनावं मिळतात. चाकापाशी बाळ घेऊन बहुधा आईच येत असे, पण तिथे मिळालेलं नाव पुढे चालायचं ते बापाकडून. आता एस्पोझितो आईकडूनही पुढे जाऊ शकतं.