क्यूबचा आकडा आणि त्यामागची नोंद

स्लॅब भरण्याच्या दिवशी साइटवर सगळ्यांचं लक्ष पंपाकडे असतं. ट्रान्झिट मिक्सरची रांग लागलेली असते, पाइपातून माल येत असतो आणि व्हायब्रेटरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. त्याच गडबडीत एका कोपऱ्यात कोणीतरी लोखंडी साच्यांत थोडंसं काँक्रीट भरत असतो. साच्याची प्रत्येक बाजू १५० मिलिमीटर, आणि भरलेल्या क्यूबचं वजन साधारण आठ किलो. अठ्ठावीस दिवसांनी हे क्यूब प्रयोगशाळेत फोडले जातात आणि जो आकडा येतो त्यावर अख्ख्या स्लॅबचा निकाल लागतो.

मुळात हे धाडसाचं काम आहे. ३० घनमीटरच्या स्लॅबसाठी आयएस ४५६ हा काँक्रीटच्या बांधकामाचा भारतीय कोड किमान तीन नमुने मागतो. एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे एकूण नऊ. नऊ क्यूबमध्ये मावणारं काँक्रीट ०.०३ घनमीटर. हजारातला एक भाग फोडून बघायचा आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णव भागांबद्दल बोलायचं. हे बोलणं खरं ठरायचं असेल तर तो एक भाग कसा निवडला, कसा भरला, कुठे ठेवला आणि कसा फोडला, यातली एकही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. साहित्यविज्ञानातल्या कुठल्याही प्रयोगाला हेच लागू होतं. क्यूबच्या बाबतीत ते चटकन दिसतं, एवढंच.

पहिली अडचण निवडीची. कोड सांगतो की नमुने काम चालू असलेल्या पूर्ण वेळात विखरून, कुठलीही आवडनिवड न ठेवता घ्यावेत. प्रत्यक्षात सकाळच्या पहिल्या गाडीचा माल घेऊन सगळे क्यूब एकदम भरून टाकण्याचा मोह असतो. त्या वेळी सगळे ताजेतवाने असतात, ऊनही तापलेलं नसतं. दुपारी दोनला वाहतुकीत अडकून आलेली गाडी, जिच्यात कोणी वरून पाणी मारलं असेल, ती मात्र नमुन्यात येतच नाही. इथे कोणी खोटं बोललेलं नसतं. तरी जमलेली माहिती एका बाजूला झुकलेली असते, आणि पुढे कितीही गणित केलं तरी तो झुकाव निघत नाही.

मग भरणं. माल सुमारे ५ सेंटिमीटरच्या तीन थरांत भरायचा आणि १६ मिलिमीटर जाडीच्या, गोल टोकाच्या सळईने प्रत्येक थराला किमान ३५ ठोके द्यायचे. ही संख्या पाहून कंटाळा येतो, पण तिला कारण आहे. आत राहिलेली हवा काँक्रीटला फार महाग पडते. एक टक्का जास्तीची पोकळी राहिली की ताकद साधारण पाच-सहा टक्क्यांनी घटते. ठोके कमी पडले तर काँक्रीट चांगलं असूनही क्यूब नापास होतो आणि दोष सिमेंटच्या माथी जातो.

चोवीस तासांनी साचा खोलून क्यूब पाण्यात ठेवतात. पाण्याचं तापमान २७ अंश सेल्सिअस, दोन अंश इकडे-तिकडे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात उघड्यावरच्या टाकीत हे तापमान राखणं म्हणजे परीक्षाच. गरम पाण्यात सिमेंटची रासायनिक क्रिया घाईने होते. सात दिवसांचा आकडा छान येतो, पण २८ दिवसांची ताकद हवी तेवढी वाढत नाही. टाकीत एक साधा थर्मामीटर टांगून दिवसातून दोनदा वाचन लिहिलं, तर पुढचा कितीतरी वाद टळतो. अशा नोंदी मी फार कमी ठिकाणी पाहिल्या आहेत.

आता मशीन. लोकांना वाटतं की मशीन ताकद मोजतं. मशीन फक्त भार मोजतं. समजा क्यूब ६७५ किलोन्यूटनला फुटला. क्यूबच्या तोंडाचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतात. म्हणजे ताकद हा हिशेबातून आलेला आकडा आहे आणि त्या हिशेबात बरंच काही गृहीत धरलेलं आहे. क्यूबच्या बाजू खरोखर १५० मिलिमीटर आहेत, तो बरोबर मध्यभागी ठेवला आहे, साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजूंवरच भार येतो आहे आणि थापीने सारखी केलेली वरची बाजू आडवी वळवली आहे, हे सगळं मानून मगच तो ३० लिहिला जातो.

भार वाढवण्याचा वेगही ठरलेला आहे. तो मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे अशा क्यूबवर मिनिटाला सुमारे ३१५ किलोन्यूटन. त्या हिशेबाने आपला क्यूब फुटायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. लिव्हर जोरात उघडून तो अर्ध्या मिनिटात फोडला तर आकडा खऱ्यापेक्षा वर जातो, कारण आतल्या बारीक भेगांना पसरायला वेळच मिळत नाही. क्यूब वाळलेला असला तरी आकडा वर जातो. म्हणूनच तो पाण्यातून काढल्यावर, वरचं पाणी पुसून, ओला असतानाच फोडायचा असतो. घाईने काम उरकणाऱ्या प्रयोगशाळेचे निकाल चांगले दिसतात ते यामुळे.

क्यूब फुटल्यावर त्याच्याकडे जरूर पाहावं. नीट फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजूंची ढलपी निघून जाते आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो. वरच्या-खालच्या पोलादी प्लेटच्या घर्षणामुळे टोकांजवळचं काँक्रीट बाहेर सरकू शकत नाही, मधलं सरकतं. एकाच कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर भार वाकडा बसला होता किंवा तोंडं सपाट नव्हती. फुटण्याची तऱ्हा वेगळी असेल तर ती अहवालात लिहावी असं मानक सांगतं. आकड्यात न मावणारी ही माहिती जपावी म्हणून फुटलेल्या क्यूबचा एक फोटो काढून ठेवला तरी पुरतं.

यापुढे आकड्यांवरची प्रक्रिया सुरू होते, आणि खरा कस इथे लागतो. समजा एका नमुन्याचे तीन क्यूब ७००, ६९० आणि ४९० किलोन्यूटनला फुटले. ताकद आली ३१.१, ३०.७ आणि २१.८. सरासरी २७.९. एम-२५, म्हणजे २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या दर्जाच्या काँक्रीटसाठी ही सरासरी ठीक दिसते. तिसरा क्यूब 'चुकून खराब निघाला' म्हणून बाजूला काढला तर सरासरी ३०.९ होते, आणखी झकास. आयएस ४५६ दोन्हीला नाही म्हणतो. नमुन्यातला कुठलाही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून लांब गेला, तर तो अख्खा नमुनाच बाद. इथला तिसरा क्यूब जवळजवळ २२ टक्के खाली आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तीन भावंडं एकाच मालातून आली असताना एक इतकं वेगळं वागलं, तर भरण्यात किंवा फोडण्यात काहीतरी चुकलं आहे, आणि कुणाचं चुकलं हे नक्की ठाऊक नसताना सोयीचे दोन आकडे ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही.

एम-२५ म्हणजे प्रत्येक क्यूब २५चा, असंही नाही. शंभरातले पाचच निकाल २५च्या खाली जावेत, असा त्याचा अर्थ. काँक्रीटमध्ये चढउतार असणारच, कारण वाळूतला ओलावा बदलतो, खडी बदलते, माणसं बदलतात. म्हणून प्लँटवर मिश्रण ठरवताना नेम वर धरतात. हा चढउतार मोजणारं प्रमाण विचलन ४ मानलं तर २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६. मिश्रण नेमकं २५वर बेतलं तर निम्मे निकाल खाली जातील. मंजुरीच्या कसोट्याही दोन आहेत. सलग चार नमुन्यांची सरासरी किमान २८ हवी (प्रमाण विचलन ४ असेल तर त्याहून किंचित जास्त) आणि एकही नमुना २२च्या खाली नको. पहिल्या कसोटीने सर्वसाधारण पातळी पाहिली जाते, दुसरीने एखादी घसरण पकडली जाते.

त्यामुळे एखाद्या कामाचे सहा महिन्यांचे निकाल ३१.२, ३१.४, ३१.१, ३१.३ असे एकाच रेषेत दिसले की माझा विश्वास वाढत नाही, घटतो. खऱ्या काँक्रीटचे आकडे इतके शिस्तीत येत नाहीत. निकाल मंजुरीच्या रेषेच्या जरासेच वर गर्दी करून उभे असतील आणि रेषेखाली एकही नसेल, तर तेही शंकेचंच लक्षण.

खऱ्या आकड्यांचा चढउतार गोंगाटासारखा वाटला तरी त्यातून उपयोगाची माहिती काढता येते. १९५४ साली ई. एस. पेज या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने त्यासाठी एक साधी रीत मांडली, आणि पुढे रेडी-मिक्स काँक्रीटच्या उद्योगाने ती उचलली. तिला क्युसम म्हणतात. प्रत्येक निकालातून ठरवलेली सरासरी वजा करायची आणि फरक एकात एक मिळवत जायचे. निकाल ३०.८, ३१.०, ३०.२, ३१.१, ३०.५ असे आले, तर सुटे पाहून कोणाची झोप उडणार नाही, सगळे २५च्या खूप वर आहेत. पण ३१.६पासूनचे फरक मिळवत गेलं की उणे ०.८, उणे १.४, उणे २.८, उणे ३.३, उणे ४.४ असा उतार दिसतो. उतार असाच चालू राहिला तर सिमेंटचा दर्जा किंवा वाळूतलं पाणी तपासायला हवं, आणि तेही एकही क्यूब नापास होण्याआधी. पण हे केव्हा जमतं? आकडे खरे आणि ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहिलेले असतील तेव्हाच.

ते तसे नसले की काय होतं, याचं उदाहरण हाँगकाँगचं आहे. हाँगकाँग-झुहाई-मकाऊ हा सुमारे ५५ किलोमीटरचा समुद्रावरचा मार्ग ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. त्याआधी, मे २०१७ मध्ये, तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने या प्रकल्पाच्या क्यूब चाचण्यांवरून २१ जणांना अटक केली. सरकारी खात्यासाठी प्रयोगशाळा चालवणाऱ्या कंत्राटदाराची ती माणसं होती, आणि त्यांत बहुतेक तंत्रज्ञ व मदतनीस होते. चाचण्या ठरलेल्या मुदतीत झाल्या नव्हत्या, ते लपवायला मशीनवरची वेळ बदलली गेली, असा एक आरोप होता. दुसरा अधिक गंभीर होता. क्यूबच्या जागी मशीनमध्ये कॅलिब्रेशनचा, म्हणजे मशीन बरोबर मोजतं का हे तपासायचा, धातूचा ठोकळा किंवा जास्त ताकदीचा दुसराच क्यूब ठेवून आकडे काढले गेले होते. यातला बारकावा पाहा. मशीनने दाखवलेला भार खराच होता, पण तो कशावरचा आहे ही नोंद खोटी होती. त्यानंतर सरकारला प्रत्यक्ष बांधकामावर स्वतंत्र चाचण्या घ्याव्या लागल्या. आता काही ठिकाणी साच्यात माल भरतानाच एक छोटी चिप टाकतात, म्हणजे भरलेला क्यूब आणि फोडलेला क्यूब एकच आहे हे मशीनला वाचता येतं.

अप्रामाणिकपणा नसतानाही नोंद तुटू शकते. काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज संगणकाने बांधण्यासाठी जगभर एक माहितीसंच वापरतात. तैवानचे संशोधक आय-चेंग येह यांनी १९९८च्या आपल्या संशोधनासाठी तो निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या निकालांतून जमवला. त्यात १,०३० नोंदी आहेत. सिमेंट, स्लॅग, फ्लाय अॅश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर, खडी, वाळू आणि वय अशी आठ माहितीची सदरं, आणि शेवटी ताकद. आपल्याकडेही इंजिनीअरिंगचे असंख्य विद्यार्थी त्यावर प्रोजेक्ट करतात. यातल्या काही ओळी जशाच्या तशा पुन्हा आल्या आहेत. शिवाय एकाच मिश्रणाच्या ३, ७, २८ अशा वेगवेगळ्या वयांच्या ओळी स्वतंत्र नोंदी म्हणून बसल्या आहेत. विद्यार्थी सगळ्या ओळी पिसतो, ऐंशी टक्के मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणालीला, शिकवायला आणि वीस टक्के तिच्या परीक्षेला ठेवतो. मग ज्या मिश्रणाचं सात दिवसांचं उत्तर मॉडेलने पाहिलं आहे, त्याचंच २८ दिवसांचं उत्तर परीक्षेत येतं. गुण उत्तम पडतात, पण नव्या मिश्रणापुढे मॉडेल अडखळतं. एका मिश्रणाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेवल्या तर गुण उतरतात आणि खरे होतात.

दुसरी मेख आकाराची. अमेरिकेत क्यूब नव्हे तर सिलिंडर फोडतात. तेच काँक्रीट सिलिंडरमध्ये क्यूबच्या साधारण ८० टक्के ताकद दाखवतं, कारण उंच सिलिंडरच्या मध्यभागापर्यंत प्लेटच्या घर्षणाचा आधार पोहोचत नाही. शोधनिबंधांतून आकडे गोळा करताना नमुन्याच्या आकाराचं सदर ठेवलं नाही, तर सारख्याच काँक्रीटची दोन वेगळी उत्तरं एकाच रकान्यात येऊन बसतात.

आणि क्यूबवर विश्वासच उरला नाही तर? मग बांधकामालाच विचारावं लागतं. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागावर ठोकून अंदाज घेता येतो, पण तो अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो, असं भारतीय मानकानेच म्हटलं आहे. अनिश्चितता अशी उघड सांगितली की ते साधन कुठपर्यंत वापरायचं हे कळतं. एकसारखा भाग कुठला आणि संशयास्पद कुठला, हे शोधायला ते छान आहे. अखेरचा निर्णय कोअरवर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेल्या दंडगोलांवर होतो. किमान तीन कोअर, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको.

पुण्या-मुंबईत पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना बिल्डरकडून क्यूबचे अहवाल मिळतात. अनेकदा त्यात फक्त सरासरी आणि 'पास' एवढंच असतं. सभासदांनी प्रत्येक क्यूबचा वेगळा भार किलोन्यूटनमध्ये मागावा. माल कुठल्या गाडीतला आणि इमारतीच्या कुठल्या भागातला, भरल्याची आणि फोडल्याची तारीख-वेळ काय, मशीनचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, हेही मागावं. ज्याने खरंच क्यूब फोडले आहेत त्याच्याकडे ही सगळी माहिती वहीत असते आणि ती द्यायला त्याला एक दिवस पुरतो.