पानावर डाग? आधी मोजपट्टी घ्या

लेझर प्रिंटरच्या पानावर काळा ठिपका दिसला की लोक आधी कार्ट्रिज काढून हलवतात, मग दोन थापट्या मारतात आणि शेवटी नवं मागवतात. अक्षरं फिकट येत असतील तर हलवल्याने उरलेली टोनरची भुकटी सारखी पसरते आणि थोडे दिवस निभावतं. ठिपका त्याने जात नाही. तो कुठून आला हे मात्र पानावरच मोजता येतं.

कार्ट्रिजच्या आतलं फिरणारं नळकांडं म्हणजे ड्रम. त्यावरचा लेप अंधारात विद्युतरोधक असतो, प्रकाश पडला की वाहक होतो. बहुतेक प्रिंटरांत ड्रमला आधी काही शे व्होल्टचा ऋण भार देतात. लेझर जिथे पडतो, तिथला बराचसा भार निघून जातो. टोनरचे कणही ऋणभारितच, म्हणून भारलेला भाग त्यांना दूर लोटतो आणि ते नेमके लेझरने रिकाम्या केलेल्या जागी बसतात. कागदामागचा धनभारित रोलर ते कागदावर ओढतो आणि फ्यूजर ते वितळवून दाबतो. फोटोकॉपीचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 रोजी भार, प्रकाश आणि भुकटी यांच्याच जोरावर पहिली प्रत काढली होती. लेझर खूप नंतर आला.

आता गंमत बघा. ए-फोर पान 297 मिलिमीटर लांब, तर 30 मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ जेमतेम 94. म्हणजे एका पानासाठी ड्रम तीनदा फिरतो, आणि त्यावर ओरखडा असेल तर चाकाला चिकटलेल्या चिखलासारखा तो दर 94 मिलिमीटरला उमटतो. ड्रम 24 मिलिमीटरचा असेल तर अंतर 75. दोन ठिपक्यांमधलं अंतर भागिले 3.14 केलं की दोषी रोलरचा व्यास हातात येतो. एक मेख आहे: टोनर पुरवणारा डेव्हलपर रोलर बऱ्याचदा ड्रमपेक्षा जास्त वेगाने फिरतो. त्याच्या डागांमधलं अंतर म्हणजे त्याचा परीघ भागिले दोन्ही पृष्ठभागांच्या वेगांचं गुणोत्तर, म्हणजे परिघापेक्षा कमीच.

पानभर सलग उभी रेघ असेल तर मोजण्यासारखं काही नाही. दोष न फिरणाऱ्या भागात शोधा. काळी रेघ बहुधा ड्रम पुसणाऱ्या पट्टीची, पांढरी लेझरच्या वाटेतल्या धुळीची किंवा संपत आलेल्या टोनरची. बोटाने छपाई पुसली जाते? फ्यूजर पुरेसा तापत नाही, किंवा कागद जाड असून सेटिंग साध्या कागदाचं आहे.

ड्रम उन्हात ठेवला की ‘ताजा’ होतो, असं छातीठोक सांगणारे भेटतात. ज्या लेपाचं कामच प्रकाशाला प्रतिसाद देणं आहे, त्याला भर उन्हात ठेवणं म्हणजे तो खराब करणंच. ड्रम बाहेर काढलाच तर जाड कापडाने झाका आणि त्याच्या पृष्ठभागाला बोट लावू नका.

ठिपके नाहीत, रेघ नाही, पण छपाई ठिकठिकाणी उडालेली आहे? मग कागद दमट असेल. ओलाव्याने भार निसटतो आणि टोनर कागदावर नीट ओढला जात नाही. नवं पाकीट फोडून त्यातल्या कागदावर एक पान काढून बघा.