भीती आधी, कारण नंतर

"चंद्रग्रहणाच्या दिवशी मोठा भूकंप होणार." "नेपाळच्या बाजूनं मधुबनीकडे पूर येतोय." "२३ जानेवारी घाताचा दिवस आहे, जपून राहा."

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळ हादरले. दहा हजारांहून जास्त माणसं गेली. पुढच्या दिवसांत अशा बातम्या तोंडोतोंडी फिरत राहिल्या. पाटण्यातले मानसशास्त्राचे अभ्यासक जमुना प्रसाद यांनी त्या हसण्यावारी नेल्या नाहीत, टिपून ठेवल्या. १९३५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त त्यांचा अफवांवरचा निबंध छापून आला.

पंधरा-वीस वर्षांनी तो अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांच्या वाचनात आला आणि त्यांना एक गोष्ट खटकली. घाबरलेल्या माणसाला धीर हवा असतो, मग तो आणखी घाबरवणारी बातमी का पसरवतो? शिवाय फेस्टिंगर यांच्या मते, धक्का जाणवला पण डोळ्यांसमोर पडझड नव्हती, अशा भागांतल्या या अफवा होत्या. दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्यानंतर असाच अभ्यास केला होता. तिथे घरं गेली होती, माणसं गेली होती, पण 'याहून भयंकर येणार' असल्या अफवा आढळल्या नाहीत.

फेस्टिंगर यांनी लावलेला अर्थ मला आजही थक्क करतो. ज्याचं घर पडलं, त्याच्या भीतीला कारण समोर आहे. ज्याची भिंतही तडकली नाही, त्याच्या छातीत धडधड तेवढीच आहे, पण बोट दाखवायला काही नाही. मग मन भीतीच्या मापाचं कारण शोधतं. अफवा भीती निर्माण करत नव्हती, आधीपासून असलेल्या भीतीला आधार देत होती. किल्लारीच्या भूकंपानंतर दूरदूरच्या धडधाकट घरांतली माणसंही अंगणात अंथरुणं टाकून झोपत होती, ते आठवलं की हे पटतं. अर्थात भूकंपानंतर पुन्हा धक्के बसतात, तेव्हा थोडी भीती रास्तच. पण पूर आणि घातवार त्यात बसत नाहीत.

यातून 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'चा, म्हणजे बोधात्मक विसंगतीचा, सिद्धांत उभा राहिला: मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनात, की अस्वस्थता येते आणि आपण त्यातली एक वाकवून जुळवून घेतो.

१९५९ मध्ये फेस्टिंगर आणि मेरिल कार्लस्मिथ यांनी तो स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर तपासला. अर्धा तास एका हातानं बारा रिळं ताटलीत भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. मग पुढचा अर्धा तास फळीवरच्या अठ्ठेचाळीस चौकोनी खुंट्या एकेक करून पाव-पाव फेरा फिरवायच्या. नुसतं वाचूनही जांभई यावी असं काम. नंतर काही विद्यार्थ्यांना सांगितलं, की बाहेर थांबलेल्या मुलीला 'काम फार मजेचं आहे' असं सांगा. काहींना त्याबद्दल एक डॉलर दिला, काहींना वीस. शेवटी विचारलं: खरंच, कसं वाटलं काम? उणे पाच ते अधिक पाच गुणांत सांगा.

खोटं बोलायला न लावलेल्यांची सरासरी आली उणे ०.४५. वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५. एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५! वीस डॉलर म्हणजे तेव्हा भरघोस रक्कम, खोटं बोलायला पुरेसं कारण. एका डॉलरसाठी मात्र कोण खोटं बोलेल? म्हणून त्यांनी कामालाच बरं ठरवून टाकलं. पाटण्याच्या अफवेतही मनानं हेच केलं होतं.

पुढे या प्रयोगावर वाद खूप झाले. २०२४ मध्ये १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी याच घराण्यातला एक प्रयोग मिळून केला: स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावायचा. लिहिणाऱ्यांची मतं सरकली. पण 'लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा' असं सांगितलेल्यांची, सक्तीचं कारण हाताशी नसल्यानं, जास्त सरकायला हवी होती, तसं झालं नाही. म्हणजे सिद्धांताचा एक महत्त्वाचा सांधा ढिला निघाला, आणि ते मोकळेपणानं छापलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र रिळं आणि खुंट्यांची गोष्ट जितक्यांना माहीत आहे, तितक्यांना पाटण्याची नाही. प्रसाद तर १९३५ वर थांबले नाहीत. १९५० मध्ये त्यांनी जुन्या काळातल्या भूकंपांच्या नोंदी काढून त्यांतल्या अफवा आपल्या वहीतल्या अफवांशेजारी ठेवून पाहिल्या. शतकं वेगळी होती, पण अफवांची धाटणी ओळखीची निघाली.