ओव्हरक्लॉक केला, चालूपण झाला, पण उत्तरं बरोबर देतोय का?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आता फारच सोपं झालंय. बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जायचं, मल्टिप्लायर ५० चा ५२ करायचा, सेव्ह, रिस्टार्ट. बेस क्लॉक (ठोक्यांचा मूळ वेग) १०० मेगाहर्ट्झचा असतो, त्याला ५२ ने गुणलं की ५.२ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर अनलॉक असला पाहिजे एवढंच, म्हणजे एएमडीचे डेस्कटॉप रायझन बहुतेक सगळे, आणि इंटेलमध्ये नावात ‘के’वाले, त्यांना मदरबोर्डपण तसाच लागतो. विंडोज उघडलं, गेम अर्धा तास चालला, की लोक खूश. पण याने सिद्ध काहीच होत नाही.

कारण बघा, ५ गिगाहर्ट्झला एका सायकलसाठी, म्हणजे एका ठोक्यासाठी, ०.२ नॅनोसेकंद मिळतात, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटीमीटर जातो. आणि तेवढ्याच वेळात सिग्नलने एकामागे एक लागलेल्या कितीतरी ट्रान्झिस्टरमधून (चिपमधल्या बारीक स्विचमधून) जाऊन पलीकडे वेळेत पोचायचं असतं. क्लॉक वाढवला की ही मुदत कमी होते आणि चिपमधला सगळ्यात हळू मार्ग सगळ्यात आधी चुकतो, १ पोचायच्या आत तिथला जुना ० च उचलला जातो. बाकीचे मार्ग ठणठणीत असतात म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त एखाद्या ठरावीक सूचनेला, ठरावीक आकड्यांवर, चिप तापलेली असताना चुकीचं उत्तर येतं. ते उत्तर मेमरीचा पत्ता असेल तर ब्लू स्क्रीन (विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडतं), व्हिडिओतला एक पिक्सेल असेल तर कळणारच नाही, आणि बॅकअपच्या झिप फाइलमधलं असेल तर ती फाइल उघडायची वेळ येईल तेव्हा कळेल. माझ्या मते ब्लू स्क्रीन परवडली, निदान ती सांगून तरी येते.

मग क्लॉक टिकत नाही म्हणून लोक व्होल्टेज वाढवतात, त्याने ट्रान्झिस्टर लवकर स्विच होतात हे खरंय, पण खरा धोका इथेच आहे. स्विचिंगला लागणारी पॉवर क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्के वाढवले तर १.१ तीनदा गुणायचं, म्हणजे ३३ टक्के पॉवर जास्त, लीकेज (स्विच बंद असतानाही झिरपणारा करंट) वेगळंच, आणि स्पीड फार तर १० टक्के. शिवाय जास्त करंट आणि उष्णता मिळून चिपमधल्या बारीक तारांचे अणूच हळूहळू सरकवतात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि ते झालं की उलटं फिरवता येत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनच्या काही प्रोसेसरचं जे झालं ते आठवत असेल, ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, त्याने आतलं सर्किट अकाली म्हातारं होत होतं, मग मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलं पण आधीच खराब झालेली चिप त्याने बरी होत नव्हती. तेही ओव्हरक्लॉक न करता!

म्हणून आधी आहे त्या व्होल्टेजला क्लॉक १०० मेगाहर्ट्झने वाढवत जा, अडलं तरच व्होल्टेज, तेही ०.०१-०.०२ व्होल्टच्या पायऱ्यांनी. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका, बरेच मदरबोर्ड फार उदार असतात.

आता टेस्टिंग. प्राइम९५ हे मुळात प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या) शोधायचं सॉफ्टवेअर, जॉर्ज वोल्टमनने १९९६ साली सुरू केलेल्या प्रोजेक्टचं. यात एक गणित चुकलं तरी कित्येक दिवसांचं काम वाया, म्हणून त्याची टॉर्चर टेस्ट उत्तर आधीच माहीत असलेली गणितं प्रोसेसरकडून करून घेते आणि ताळा बघते. नुसतं ‘चालतंय’ आणि ‘बरोबर चालतंय’ यातला फरक असाच सापडतो. त्यातल्या ‘स्मॉल एफएफटी’ प्रकाराने कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) भयंकर तापतात, ‘ब्लेंड’ प्रकारात रॅमपण ओढली जाते. रॅमला एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग) लावलं असेल तर तेही ओव्हरक्लॉकच, ती रॅम आधी मेमटेस्ट८६ या सॉफ्टवेअरने वेगळी तपासून घ्या, नाहीतर चूक कोणाची हे शोधत बसाल.

टेस्ट चालू असताना तापमानासोबत क्लॉकपण बघत राहा, हे बरेच जण विसरतात. १०० अंशांच्या आसपास (रायझन ७००० मध्ये ९५) प्रोसेसर स्वतःच क्लॉक खाली आणतो, म्हणजे टेस्ट पास होते पण ५.२ वर नाही तर ४.७ वर, मग काय उपयोग? आणि उलटंही होतं, फुल लोडला सगळं छान आणि नुसतं ब्राउझर उघडल्यावर रिस्टार्ट, कारण एकाच कोअरवर काम असताना बूस्ट (प्रोसेसर स्वतःच वाढवतो तो क्लॉक) सगळ्यात वर जातो. अंडरव्होल्ट केलं असेल, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम कमी केलं असेल, तर याची शक्यता जास्त, तेव्हा एकेक कोअर वेगळा टेस्ट करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया’ (WHEA, विंडोजने नोंदवलेली हार्डवेअरची चूक) एरर दिसली तर चिपने चूक स्वतः पकडून दुरुस्त केली असेलही, तरी ती सेटिंग नापासच धरा.

एका मिनिटात एरर आली तर निकाल लागला, रात्रभर आली नाही तर फक्त शक्यता वाढली. म्हणून मी पास झालेल्या शेवटच्या सेटिंगच्या १०० मेगाहर्ट्झ खालीच थांबतो, आणि उन्हाळा लागला की टेस्ट परत एकदा लावतो.